ईम गावच्या शिवेवरील दगड

सन २०२३ च्या जून महिन्यात, इंग्लंडातील काही शाळांचे काम पाहण्यासाठी निघालेल्या एका लहानशा शिक्षक-मंडळाबरोबर मला त्या देशी तीन आठवडे राहण्याचा योग आला. परत आल्यावर विद्यार्थ्यांनी मला लंडनविषयी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि माझ्या उत्तरांनी त्यांची थोडी निराशाच झाली असावी. कारण लंडन मी धावतपळत पाहिले, आणि टेम्स नदी, राजवाडा, मोठे घड्याळ इत्यादी स्थळांचे वर्णन माझ्यापेक्षा त्यांच्या पुस्तकांतच अधिक चांगले सापडेल. परंतु त्या प्रवासात एक शनिवार मी एका खेडेगावात घालविला, आणि तेथे जे पाहिले ते अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही. त्या गावाची हकीकत आपल्या वार्षिकात लिहावी असे फार दिवस मनात होते. ती लिहिताना स्वतःविषयीही काही लिहावे लागेल, व ते सर्वच मला भूषणावह नाही. तथापि शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांपुढे आपली चूक कबूल करण्यात कमीपणा आहे असे मी मानीत नाही.

त्या गावाचे नाव ईम. इंग्रजी अक्षरांवरून कोणीही ते ‘इयाम’ असेच वाचील. मीही तसेच वाचले. पण मोटारबसमध्ये शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी हसून माझा उच्चार सुधारला. शेफील्ड हे पोलादाकरिता व चाकू-सुऱ्यांकरिता नावाजलेले शहर. त्याच्या नैर्ऋत्येस साधारण वीस किलोमीटरांवर, डर्बीशायर परगण्याच्या डोंगराळ मुलखात हे गाव वसले आहे. हा मुलूख १९५१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला, व त्या देशातील अशा उद्यानांत तो पहिला होय. शहर मागे पडताच मोकळे माळ सुरू होतात. चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे टेकड्यांवरून खालीवर धावत जातात, आणि त्यांच्या आतील हिरव्यागार कुरणांत मेंढ्या चरत असतात. गोदावरीच्या खोऱ्यातील उन्हाळा सोसून गेलेल्या मजसारख्या मनुष्यास ती जून महिन्यातील हिरवळ पाहून थोडा हेवा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

गाव म्हणजे मुख्यतः एक लांब, वळणावळणाचा रस्ता. त्याच्या दोहो बाजूंस करड्या दगडाची ठेंगणी घरे. प्रत्येक दारापुढे हातभर रुंदीची का होईना, पण फुलांची बाग. लोकवस्ती हजाराच्या आत. एक प्राथमिक शाळा, किराणा मालाचे दुकान, चहाची दुकाने, खाणकामगारांच्या नावाने चालणारी एक जुनी खानावळ, आणि मधोमध चर्च. पूर्वी येथील लोक शेती करीत व शिशाच्या खाणींत राबत. आता खाणी बंद पडल्या आहेत, आणि पुष्कळ लोक कामाकरिता शेफील्डसारख्या शहरी जातात. रस्त्याच्या कडेस जागोजाग दगडी डोण्या आहेत. डोंगरातील झऱ्याचे पाणी नळांनी आणून या डोण्यांत सोडण्याची सोय इ. स. १५८८ मध्ये झाली, असे गावकरी अभिमानाने सांगतात. गावातील हिरवळीवर गुन्हेगाराचे पाय अडकविण्याचा जुना खोडा अजून उभा आहे. मी गेलो तेव्हा दोन मुले हौसेने त्यात पाय घालून आईकडून छायाचित्र काढून घेत होती. समोर सतराव्या शतकातील एक भव्य वाडा आहे. ऑगस्टच्या अखेरीस गावातील पाणवठे सजविण्याची प्रथा आहे. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया दाबून बसवितात व त्यांची मोठमोठी चित्रे करतात. या चित्रांची छायाचित्रे पाहताना मला आपल्याकडील रांगोळीची आठवण झाली.

चर्चच्या आवारात सुमारे आठव्या शतकातील एक कोरीव दगडी क्रूस आहे. त्याच्या दांड्याचा वरचा काही भाग नाहीसा झाला आहे; तरी त्यावरील वेलबुट्टी अजून स्पष्ट दिसते. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचे एक छायायंत्र, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारे घड्याळ आहे. त्याच्या रेघा जगातील दूरदूरच्या ठिकाणी त्या क्षणी किती वाजले असतील हेदेखील दाखवितात. एवढ्याशा खेड्याने साऱ्या जगाची वेळ आपल्या भिंतीवर मांडून ठेवावी, याचे मला कौतुक वाटले.

पण ईम गावास लोक येतात ते हे पाहण्यासाठी नव्हे. चर्चच्या शेजारीच काही जुनी घरे आहेत व त्यांच्यापुढे लहान पाट्या लावल्या आहेत. मला वाटले, घरमालकांची नावे असतील. जवळ जाऊन वाचतो तो, त्या घरात कोण कोण व कोणत्या दिवशी मरण पावले याची ती यादी! एका पाटीवरील नावे वाचून मी पुढच्या घराकडे गेलो, तेथेही तेच. काही आडनावे सारखी, तारखांत दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे अंतर. आणि त्या घरांच्या खिडक्यांतून स्वच्छ पडदे लटकत होते. एका दाराशी मुलाची सायकल टेकून ठेवलेली होती. आजही त्या घरांत माणसे राहतात.

ही नावे प्लेगाने मेलेल्यांची. इ. स. १६६५ मध्ये लंडन शहरी प्लेगाची मोठी साथ होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ईम गावच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचे एक गाठोडे आले. कापड दमट झाले होते, म्हणून शिंप्याचा सहायक जॉर्ज व्हिकर्स याने ते विस्तवापुढे वाळत घातले. त्या कापडात प्लेगाच्या पिसवा होत्या असे मानतात. थोड्याच दिवसांत व्हिकर्स आजारी पडला, व ७ सप्टेंबर रोजी त्यास मूठमाती देण्यात आली. पाठोपाठ त्या घरातील व शेजारची माणसे जाऊ लागली. हिवाळ्यात साथ किंचित ओसरली. परंतु १६६६ च्या उन्हाळ्यात तिने पुन्हा उचल खाल्ली, आणि गाव सोडून पळावे असा विचार जो तो करू लागला. जे सधन होते त्यांपैकी काही आधीच निघून गेले होते.

त्या वेळी गावचे धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन हे होते. वय अवघे अठ्ठावीस. गावात येऊन दोनच वर्षे झालेली. लोकांचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता, आणि त्याचे कारण असे की, त्यांच्यापूर्वीचे धर्मोपदेशक थॉमस स्टॅन्ली हे लोकांचे आवडते होते, व राजाने ठरवून दिलेली उपासना-पद्धती त्यांस मान्य नसल्यामुळे त्यांची जागा गेली होती. पदच्युत झालेले स्टॅन्ली गावाच्या आश्रयानेच राहत होते. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली, उपासनेविषयी दोघांची मते विरुद्ध. अशा दोन मनुष्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसते तरी जगाने त्यांस दोष दिला नसता. परंतु जून १६६६ मध्ये हे दोघे एकत्र बसले, आणि एका विचाराने गावापुढे उभे राहिले.

त्यांनी तीन गोष्टी सुचविल्या. पहिली, ज्याच्या घरी मृत्यू होईल त्याने आपले प्रेत आपल्याच शेतात किंवा परसात पुरावे. चर्चच्या आवारात अंत्यविधीकरिता गर्दी करू नये. दुसरी, चर्च बंद ठेवून उपासना ककलेट डेल्फ नावाच्या जवळच्या दरीत, उघड्यावर करावी, व प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून दूर उभे राहावे. आणि तिसरी, सर्वांत कठीण: गावाच्या चतुःसीमा ठरवून घ्याव्या, आणि साथ संपेपर्यंत त्या कोणीही ओलांडू नयेत. गावाबाहेर पडल्यास कदाचित आपला जीव वाचेल. पण आपल्या कपड्यांबरोबर मरण शेजारच्या गावी जाईल. तेव्हा आपण येथेच राहावे. चॅट्सवर्थचे वाडेकरी डेव्हनशायरचे अर्ल यांनी अन्नसामग्री पुरविली, आणि लोकांनी ही गोष्ट मान्य केली.

यापुढील वर्णन लिहिताना हात जड होतो. जुलैपासून मरणे वाढली, आणि एकट्या ऑगस्ट महिन्यात सत्तराहून अधिक लोक दगावले. गावाबाहेर रायली नावाच्या शेतात गोल दगडी भिंतीच्या आत काही थडगी आहेत. ती पाहण्यास मी चालत गेलो. एलिझाबेथ हॅनकॉक नामक स्त्रीने तेथे आपला नवरा व सहा मुले आठ दिवसांत पुरली. मदतीस येणारे कोणी नव्हते. तिने स्वतः खड्डे खणले, आणि प्रेतांच्या पायांस फडके बांधून ती ओढत नेली. चर्चच्या आवारात त्या जुन्या क्रूसाच्या जवळच कॅथरीन मॉम्पेसन यांचे थडगे आहे. गाव सोडून जा असे पतीने विनविले असताही त्या गेल्या नाहीत; आजाऱ्यांची सेवा करता करता २५ ऑगस्ट १६६६ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या वारल्या. एमट सिडल या ईम गावच्या मुलीचे शेजारच्या गावच्या रोलंड टॉर याच्याशी लग्न ठरले होते. दरीच्या दोन बाजूंस उभी राहून ती दोघे दुरून एकमेकांस पाहत, असे सांगतात. एप्रिलच्या अखेरीस एमट दिसेनाशी झाली. साथ संपल्यावर गावात शिरणाऱ्या पहिल्या लोकांत रोलंड होता, आणि तेव्हा त्यास खरे काय ते कळले.

१ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटचा मृत्यू झाला. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. एकंदर वस्ती साडेतीनशे होती असे पूर्वी मानीत. पुढील शोधांवरून ती सातशेच्या आसपास असावी असे दिसते. कसेही धरले तरी प्रत्येक तीन माणसांमागे एकाहून अधिक मनुष्य मेला. परंतु भोवतालच्या गावांत ती साथ पसरली नाही.

आता त्या दगडाकडे येऊ. ईमच्या दक्षिणेस स्टोनी मिडलटन नावाचे गाव आहे. दोहोंच्या मधून कुरणांतून एक पायवाट जाते, व तिच्यावर शिवेचा एक ओबडधोबड दगड पडलेला आहे. त्याच्या माथ्यावर सहा भोके आहेत. शेजारच्या गावचे लोक येथे धान्य, औषधे वगैरे आणून ठेवीत व निघून जात. मग ईमचे लोक येऊन ते उचलीत, आणि त्याची किंमत म्हणून नाणी या भोकांत ठेवीत. नाण्यांबरोबर रोग जाऊ नये म्हणून भोकांत शिरका ओतलेला असे. रोगाचे कारण त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. पण आपल्या हातचे नाणेसुद्धा शेजाऱ्यास धुऊन द्यावे, एवढी काळजी त्यांस होती. मी गेलो तेव्हा भोकांत कोणा प्रवाशांनी ठेवलेली थोडी नाणी होती. मी दगडाजवळ बसलो. आणि खरे सांगावयाचे तर, त्या क्षणी मला इंग्लंड दिसत नव्हते. मला आमच्या गावच्या शाळेचा कुसू दिसत होता.

ती गोष्ट अशी. सन २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या साथीत, आईने गावी जाण्याचा हट्ट धरला. शहरातील दोन खोल्यांत तिचा जीव गुदमरत होता. मी खटपट करून परवाना मिळविला, व गाडी करून तिला घेऊन गेलो. गावाच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. पलीकडे काठ्या घेऊन उभ्या असलेल्या तरुणांत नात्याने माझा पुतण्याच लागणारा एक मुलगा होता. तो म्हणाला, “काका, रागावू नका, पण पुढे येऊ नका. चौदा दिवस शाळेत राहा, मग या.” ज्या गावात माझा जन्म झाला, ज्या मुलास मी पहिले पुस्तक घेऊन दिले, त्याच गावाने व त्याच मुलाने मला काटे दाखवावे! मी अद्वातद्वा बोललो. शेवटी गावाबाहेरील शाळेच्या ओसरीवर आम्ही मुक्काम केला. परंतु माझा राग शमला नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आईचे काही एक न ऐकता मी तिला घेऊन शहरी परतलो.

यानंतर मी गावाचे नाव टाकले. साथ ओसरली, रस्ते मोकळे झाले, आई दर सणास विचारी, “एकदा जाऊन येऊ या का रे?” आणि मी दर वेळी म्हणे, “ज्यांनी काटे घातले त्यांच्या दारी कशाला?” २०२२ च्या पावसाळ्यात आई वारली. गाव तिने पुन्हा पाहिले नाही.

ही गोष्ट मी पुष्कळांस सांगत असे, व प्रत्येक वेळी काट्यांपाशी थांबत असे. पण त्या शनिवारी शिवेवरील दगडाजवळ बसलो असता, तीन वर्षांत एकदाही न आठवलेली एक गोष्ट मला आठवली. त्या दोन्ही दिवशी, सकाळ-संध्याकाळ, आईची बालमैत्रीण असलेल्या एक म्हाताऱ्या मावशी फडक्यात बांधलेल्या भाकरी व कालवणाची किटली घेऊन येत. शाळेच्या कुसवावर त्या ते ठेवीत, आणि दूर लिंबाखाली जाऊन बसत. आईने ते उचलले की तेथूनच मोठ्याने म्हणत, “जेव गं पोटभर! चौदा दिस काय, बघता बघता जातील.” आणि त्या दोघी म्हाताऱ्या वीस-पंचवीस पावलांच्या अंतरावरून अंधार पडेपर्यंत बोलत बसत. मी ती भाकरी खाल्ली होती. खाताना माझे लक्ष शिवेवरील काट्यांकडे होते.

ज्या गावाने मला बाहेर ठेवले त्याच गावाने मला जेवू घातले होते. आणि आईस जेथे केवळ चौदा दिवस थांबावयाचे होते, तेथे मी तिला जन्माचे थांबविले.

काटे घालणे सर्वथा योग्यच होते असे मी म्हणत नाही. दुसऱ्यास अडविणे सोपे असते, स्वतःस अडविणे कठीण. काटे भयातूनही घालता येतात. परंतु ईमच्या दगडापाशी जे लोक थांबले ते भयाच्या उलट दिशेने चालत होते. शेजाऱ्याचे रोगापासून रक्षण करावे, म्हणून ते रोगाच्या घरात राहिले. मात्र आमच्या गावच्या काट्यांमागे नुसते भय होते, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? शहरातून आलेल्या गाडीत रोग असू शकतो, हे त्या पोराचे म्हणणे खोटे नव्हते. मी शिकलेला मनुष्य. चौदा दिवस स्वतःहून बाहेर राहतो, असे मीच म्हणावयास हवे होते. ईमच्या लोकांनी जे न सांगता केले, ते मी सांगूनही केले नाही.

ईमची ही कथा सांगताना तिच्यावर मुलामा चढविणे मला बरे वाटत नाही. मॉम्पेसन यांनी स्वतःची दोन मुले आधीच यॉर्कशायरात पाठवून दिली होती; ज्यांस नातेवाईक व पैसा होता त्यांस निवड करता आली, गरिबांस तितकीशी नाही. गावाच्या त्यागाची कथा पुढील शतकांत लोकांनी अधिक रंगविली, असे काही इतिहासकारांचे म्हणणे आहे. शिवाय २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ईममध्ये सुमारे तीन-चतुर्थांश लोकांस हा रोग माणसापासून माणसास झाला, व उरलेल्यांस उंदरांवरील पिसवांपासून. तसे असेल तर एकत्र राहण्यामुळे गावाची हानि वाढलीच असणार. म्हणजे त्यांनी दिलेली किंमत आपण समजत होतो त्याहून कमी नव्हती, जास्तच होती.

हा रोग आपणासही अनोळखी नाही. १८९६ साली तो मुंबईस आला व पुढे सर्व महाराष्ट्रात पसरला. माझी आजी आपल्या आईकडून ऐकलेले सांगे की, घरात उंदीर पडू लागले म्हणजे सारे गाव उठे व माळावर झोपड्या घालून राही. प्लेगाचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधून काढले. पिसवांमुळे तो पसरतो, हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखविले. आणि मुंबईत हाफकिन यांनी प्लेगाची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ईमच्या लोकांजवळ यांतले काहीच नव्हते. शिरका, मोकळी हवा, आणि शेजाऱ्याविषयीची आस्था, एवढेच त्यांचे शास्त्र.

गावातील लहान संग्रहालयाच्या छपरावर वारा दाखविणाऱ्या यंत्रास कोंबड्याऐवजी उंदराची आकृती बसविली आहे. त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मॉम्पेसन यांचे पुढे काय झाले असे मी वाचून पाहिले, तो एक विलक्षण गोष्ट कळली. काही वर्षांनी त्यांची नेमणूक नॉटिंगहॅमशायरातील ईक्रिंग नावाच्या गावी झाली. तेव्हा प्लेगाच्या गावचा मनुष्य म्हणून तेथील लोक त्यांस गावात येऊ देईनात! लोकांची भीती जाईपर्यंत ते गावाबाहेर एका झोपडीत राहिले व झाडाखाली उभे राहून उपदेश करीत, अशी तिकडे कथा आहे. ज्याने आपल्या लोकांस शिवेच्या आत थांबविले, त्यालाच दुसऱ्या शिवेबाहेर थांबावे लागले. त्याने काय केले? तो थांबला. लोकांस वेळ दिला. पुढे तो त्याच गावचा होऊन राहिला व तेथेच त्याची माती झाली. मी तीन दिवसही थांबलो नव्हतो.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो. शिवेवर काटे नव्हते; कोणास त्यांची आठवणही नसावी. माझा पुतण्या मोटारसायकलवरून सामोरा आला व पाया पडला. मावशींच्या घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून धान्य निवडत होत्या. दृष्टी मंद झाली आहे; आवाजावरून त्यांनी मला ओळखले. मी क्षमा मागण्याची वाक्ये मनात जुळवून नेली होती. ती बोलण्याचा प्रसंगच आला नाही. त्यांनी मला जवळ बसवून घेतले, पाठीवरून हात फिरविला, आणि एवढेच विचारले, “तुझी आई वाट बघायची का रे माझी?”

मी म्हणालो, “होय मावशी. फार बघायची.”

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या आणि चुलीकडे भाकरी टाकावयास गेल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे इंग्लंडास गेला तर लंडन अवश्य पाहा. पण एक दिवस काढून ईमलाही जा. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तेथील लोक त्या जुन्या दरीत उपासनेकरिता जमतात व आपल्या पूर्वजांची आठवण करतात. आणि ज्यांस इतक्या दूर जाणे घडणार नाही, त्यांनी एवढे करावे. कोणी आपणास अडविले असे वाटेल तेव्हा, त्याच दिवशी आपल्यासाठी कोणी कुसवावर भाकरीही ठेवून गेले होते काय, हे एकदा आठवून पाहावे. आणि ते आठवण्यास माझ्याप्रमाणे तीन वर्षे लावू नयेत. पालकांसही माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या घरातील वृद्ध मंडळींनी गावी जाण्याची इच्छा दर्शविली, तर आपल्या रागाकरिता ती पुढे ढकलू नका.